हलगीचा आवाज पॅडवर कसा आणायचा: रेकॉर्डिंगपासून स्टेजपर्यंत

कुस्तीच्या मैदानात किंवा जत्रेत हलगी ऐकून घरी यायचं आणि तोच ठेका ऑक्टापॅडवर (काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर) लावून बघायचा, हे पॅड वाजवणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी केलंय. ठेका बरोबर बसतो, हातही बरोबर चालतो, पण अंगावर काटा काही येत नाही, कारण पॅडमधला आवाज त्या हलगीचा नसतो. कंपनीनं भरून दिलेले टोन चांगलेच असतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण ते तुमच्याकडे, शेजारच्या गावच्या पार्टीकडे आणि पुण्यातल्या ऑर्केस्ट्राकडे अगदी सारखेच असतात. आपल्या गावची हलगी आपल्या पॅडवर यावी असं वाटत असेल तर ती आपणच रेकॉर्ड केली पाहिजे. हे वाटतं तेवढं अवघड नाही आणि फार खर्चाचंही नाही. मी गेली काही वर्षं हलगी, संबळ, दिमडी, टाळ असं बरंच काही पॅडवर चढवलंय, त्यातून जे कळलं ते इथं सगळं लिहितो.

आधी आपल्याकडे कुठलं पॅड आहे ते बघा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. एसपीडी-एसएक्स, स्ट्राईक मल्टीपॅड, डीटीएक्स-मल्टी १२ यांच्यासारख्या पॅडमध्ये बाहेरची वेव्ह फाईल थेट भरता येते. एसपीडी-२० किंवा एसपीडी-३० मध्ये ती सोय नाही, पण त्यांना मिडी आऊट आहे (मिडी म्हणजे आवाज नाही, कुठला पॅड किती जोरात वाजला एवढाच निरोप), म्हणजे पॅड आपलं आणि आवाज लॅपटॉपमधून, असं करता येतं. हे जुगाड वगैरे नाही हं, १९८५ साली रोलँडचा पहिला ऑक्टापॅड आला, पॅड-८, त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता, तो नुसता मिडी पाठवायचा आणि आवाज दुसऱ्या मशीनमधून यायचा. म्हणजे दुसरीकडचा आवाज वाजवण्यासाठीच हे यंत्र जन्माला आलंय. त्यामुळे जुनं पॅड आहे म्हणून थांबू नका, त्याची पद्धत खाली सांगतो.

आता हलगी. पहिलं काम मशीनचं नाही, माणसाचं आहे. हलगी वाजवणारा माणूस गाठा, त्याला नीट समजावून सांगा की तुमच्या थापा आम्ही रेकॉर्ड करणार आणि पॅडवर वाजवणार, परवानगी घ्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ही कला काही घराण्यांनी पिढ्यानपिढ्या हातात धरून ठेवलीय, आणि तिचा मोबदला त्यांना फार कमी वेळा धड मिळालाय. आपण तोच आवाज घेऊन सुपाऱ्या वाजवणार असू तर पाकीट आधी द्यायचं आणि कार्यक्रमात नावही घ्यायचं. मी ज्यांची हलगी घेतली त्या मामांना आधी वाटलं की मी ठेके रेकॉर्ड करायला आलोय, ते जोरात सुरू झाले, अर्धा तास नुसता ऐकत बसलो, आणि खरं सांगतो, ते ऐकणंच सगळ्यात उपयोगाचं ठरलं कारण कुठली थाप कुठं येते ते तेव्हा कळलं. तर तुम्हीही आधी ठेके वाजवू द्या, तेही रेकॉर्ड करून ठेवा, आणि मग सुट्या थापांकडे वळा.

हलगीत एका हातात जाड आखूड काठी असते आणि दुसऱ्या हातात बारीक लांब काडी. जाड काठीचा आवाज भरीव, बारीक काडीचा आवाज कडक आणि वरचा. त्यामुळे कमीत कमी एवढ्या थापा लागतातच: जाड काठी मध्यभागी, जाड काठी कडेला, बारीक काडी, दोन्ही एकदम, आणि बोटांनी चामडं दाबून मारलेली बंद थाप. शेवटची बरेच जण विसरतात आणि मग पॅडवर सगळं सतत गुंजत राहतं, ठेक्याला श्वासच मिळत नाही.

हलगी शेकून घेतल्याशिवाय रेकॉर्ड करायची नाही. वाजवणारे कागद किंवा वाळलेलं गवत पेटवून त्यावर चामडं फिरवतात, मधेच बोटानं टिचकी मारून बघतात, आवाज चढला की उचलतात. पण गार होईल तसा तो हळूहळू उतरत जातो, पावसाळ्यात तर फारच लवकर. याचा अर्थ काय, तर जाड काठीच्या थापा आत्ता घेतल्या आणि बारीक काडीच्या वीस मिनिटांनी घेतल्या तर त्या एका हलगीच्या वाटणारच नाहीत. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये हेच झालं, घरी येऊन लावलं तर दोन थापांचा सूर वेगवेगळा, सगळं परत करावं लागलं. आता मी दर पाच-सात मिनिटांनी थांबून परत शेकायला सांगतो आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला मध्यभागाची एक थाप घेतो, आधीच्या थापेशी जुळवून बघायला.

जागा. मोकळं मैदान नको, वारा माईकवर येतो. रिकामी खोली नको, भिंतींचा घुमारा थापेत कायमचा बसतो आणि तो नंतर काढता येत नाही. घरातली कपड्यांनी, गाद्यांनी भरलेली खोली सगळ्यात चांगली, नसेल तर दोऱ्या बांधून गोधड्या, वाकळा, चादरी टाका, विशेषतः वाजवणाऱ्याच्या मागे आणि माईकच्या मागे. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाईल एअरप्लेनवर. खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवा, मागून काही परत येतंय असं वाटलं तर अजून दोन गोधड्या टाका.

माईक असेल तर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक माईक हलगीला एकदम छान, १९६५ पासून लोक तो ड्रमपुढे लावतायत ते उगाच नाही. हलगीपासून दीड-दोन विती लांब ठेवा, थेट मध्यभागावर न रोखता जरा कडेकडे तिरका. फार जवळ नेला तर काठीचा नुसता टक्क आवाज येतो, चामडं बोलत नाही. माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीला इंटरफेस म्हणतात. सगळ्यात जोराची थाप मारायला सांगा आणि ती उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मधे येईल असा इंटरफेसवरचा गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) लावा, मग शेवटपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही. हळू थाप मारताना गेन वाढवायचा मोह होतो, तो टाळा. रेकॉर्डिंग २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर करा.

माईक नाही, फक्त फोन आहे? चालेल, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वेव्ह फाईल देणारं रेकॉर्डिंग ॲप वापरा, फोनवर आधीपासून असलेला रेकॉर्डर बऱ्याचदा आवाज दाबून छोटी फाईल करतो. दुसरं, ॲपमध्ये ऑटो गेन आणि नॉईज कमी करायची सोय असते, ती दोन्ही बंद करा. ऑटो गेन चालू राहिला तर पहिली जोराची थाप येते आणि फोन लगेच आवाज खाली ओढतो, मग हळू आणि जोरात यातला फरकच पुसला जातो, आणि नॉईज कापणारी सोय थापेची शेपटी खाऊन टाकते कारण तिला ते गुंजणं म्हणजे कचरा वाटतो. फोन तीन-चार फूट लांब ठेवा, कारण जवळून हलगीचा दणका त्या बारक्या माईकला झेपत नाही आणि आवाज फाटतो.

आता प्रत्यक्ष थापा घ्यायची पद्धत. इथं घाई करू नका, सगळं काम इथंच चांगलं किंवा वाईट होतं. प्रत्येक प्रकारची थाप चार जोरांवर घ्या: अगदी हलकी, मध्यम, जोरात आणि मैदानातली. आणि प्रत्येक जोरावर चार-चार वेळा. म्हणजे एका प्रकारच्या १६ थापा, पाच प्रकारांच्या ८०. ऐकायला खूप वाटतं पण तासाभरात होतं. दोन थापांच्या मधे आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, मनात चार आकडे मोजा, आणि तेवढ्या वेळात कुणी खोकायचं नाही, हलायचं नाही. प्रत्येक गटाआधी तोंडानं सांगा, “जाड काठी, मध्य, हलकी”, नाहीतर घरी येऊन कुठली कुठली आहे ते कळत नाही. वाजवणाऱ्यांना सुटी थाप मारणं अवघड जातं हेही लक्षात ठेवा, त्यांचा हात ठेक्यात चालतो, सुटी मारली की ती जरा घाबरल्यासारखी येते. मी एक उपाय करतो, त्यांना मनात ठेका चालू ठेवायला सांगतो आणि फक्त समेची थाप मारायची. मग थापेत जीव येतो.

चार-चार वेळा कशासाठी असं बरेच जण विचारतात. कारण माणसाच्या हातून दोन थापा कधीच हुबेहूब सारख्या येत नाहीत, आणि पॅडवर एकच फाईल भरभर वाजवली की कान लगेच ओळखतो, कडकडाट वाजण्याऐवजी शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर कटिंग. ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. स्क्रीनवर आवाजाची जी लहर दिसते ती वेव्ह पूर्ण मोठी करून बघा, थाप जिथं सुरू होते तिथून जेमतेम एक मिलिसेकंद आधी कापा. हा सगळ्यात महत्त्वाचा कट आहे. तिथं २० मिलिसेकंद शांतता राहिली तर डोळ्याला स्क्रीनवर काहीच दिसत नाही पण हाताला लगेच कळतं, पॅड जड वाटायला लागतं, ठेका मागे ओढतो, आणि आपण पॅडला किंवा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ४४.१ किलोहर्ट्झला २० मिलिसेकंद म्हणजे ८८२ सॅम्पल (रेकॉर्डिंगमधले सुटे बिंदू), त्यामुळे अगदी खोल झूम करूनच कापा, आणि वेव्ह जिथं मधल्या रेषेला छेदते तिथं कापा म्हणजे टिक असा आवाज येत नाही. शेवटी आवाज पूर्ण विझू द्या आणि ५० मिलिसेकंदांचा फेड आऊट द्या, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर न्या. हलगीला ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं तरी चालतं, तिथं पायांची धमक आणि स्टँडचा आवाज असतो, हलगी नसते. संबळाच्या मोठ्या भांड्याला मात्र असं कापू नका, त्याचं पोट खाली असतं.

आवाजाची पातळी लावताना एक चूक जवळपास सगळे करतात. प्रत्येक फाईल वेगवेगळी नॉर्मलाईज करतात, म्हणजे एकाच ठरलेल्या पातळीपर्यंत वाढवतात. मग हलकी थापही जोरातल्या थापेएवढी मोठी होते आणि चार जोर घेतले त्याची सगळी मेहनत पाण्यात. त्याऐवजी एका प्रकारच्या सगळ्या थापा एकदम सिलेक्ट करा आणि अ‍ॅम्प्लिफाय वापरा, ते सगळ्यांना सारखंच वाढवतं, त्यांच्यातला आपापसातला फरक तसाच राहतो. कॉम्प्रेसर, रिव्हर्ब आत्ता काही लावू नका, ते हॉलमध्ये मिक्सरवर होईल.

मग फाईल मोनोत, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ अशी एक्स्पोर्ट करा. गावाकडच्या कार्यक्रमात साऊंड बहुतेक मोनोच असतो, स्टिरिओचा उपयोग नाही आणि जागा दुप्पट जाते. मोनोत एक सेकंद म्हणजे साधारण ८६ केबी, त्यामुळे जागेची काळजी करायचं कारण नाही, डीटीएक्स-मल्टी १२ मध्ये फक्त ६४ एमबी आहे तरी त्यातही बारा मिनिटांच्या वर मावतं आणि एसपीडी-एसएक्समध्ये कमीत कमी २ जीबी आहे. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि आकड्यासहित ठेवा, थापेचा प्रकार, जोर, नंबर. मराठी नावं पॅडच्या स्क्रीनवर येत नाहीत. आणि १६ बिटची गोष्ट हलक्यात घेऊ नका. माझ्या एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी घाईत सगळ्या फाईल २४ बिटमध्येच पेनड्राईव्हवर टाकल्या, पॅडनं एकही घेतली नाही, लॅपटॉप गावात ठेवून आलो होतो, आणि तो अख्खा कार्यक्रम पॅडमधल्या तयार टोनवर काढावा लागला. मामा पुढच्या रांगेत बसले होते, आपली हलगी ऐकायला आले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून फाईल पॅडमध्ये भरून, पॅड बंद करून, परत चालू करून वाजवून बघितल्याशिवाय मी तयारी झाली असं म्हणत नाही. पेनड्राईव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाईल पॅडच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागीच ठेवा.

पॅडवर मांडणी करताना हलगीच आपल्याला रस्ता दाखवते. बऱ्याच पॅडमध्ये आळीपाळीनं वेगळी फाईल वाजवायची सोय नसते, पण हलगीला दोन काठ्या आहेतच ना, मग उजव्या पॅडवर जाड काठी आणि त्याच्या शेजारच्या डाव्या पॅडवर बारीक काडी लावा, आणि दोन हातांनी तसंच वाजवा जसं हलगीवाला वाजवतो. कडकडाट आपोआप खरा वाटायला लागतो. एसपीडी-एसएक्सवर नऊ पॅड आहेत, त्यात मी वरच्या ओळीत मध्यभाग आणि कडेच्या थापा, मधल्या ओळीत जाड-बारीक जोडी वेगळ्या टेकमधली परत, आणि खाली बंद थाप, दोन्ही एकदम आणि एक पॅड टाळाला असं ठेवतो. तुमचा हात वेगळा असेल तर वेगळं लावा, पण बंद थाप आणि उघडी थाप एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाकायला विसरू नका, म्हणजे बंद मारली की उघडीचं गुंजणं तिथंच तुटतं. टाळालाही हेच. डायनॅमिक्स चालू ठेवा, म्हणजे हात जितका जोरात तितका आवाज मोठा. भरभर वाजवताना गुंजणं एकावर एक चढून चिखल होत असेल तर तो पॅड पॉलीवरून मोनोवर टाकून बघा, म्हणजे नवी थाप आली की आधीची तुटते (फाईलच्या मोनोशी याचा संबंध नाही).

ढोलकीचं मात्र सांभाळून. चाटीच्या (वरच्या सुराच्या बाजूच्या) सुट्या थापा हलगीसारख्याच घेता येतात, पण धुमावर (खालच्या सुराच्या बाजूवर) मनगट दाबून जो घुमारा निघतो तो एका फाईलमध्ये पूर्ण येत नाही कारण वाजवणारा तो दर वेळी वेगळा ओढतो. तीन-चार लांबीचे घुमारे वेगवेगळे रेकॉर्ड करून वेगळ्या पॅडवर ठेवले तर लावणीच्या ठेक्यात बऱ्यापैकी काम भागतं. तरी माझं प्रामाणिक मत, ढोलकीवाला मिळत असेल तर ढोलकीवालाच घ्या.

जुन्या ऑक्टापॅडवाल्यांनी असं करायचं: पॅडच्या मिडी आऊटमधून यूएसबी-मिडी केबल लॅपटॉपला लावा, लॅपटॉपवर रीपर सारखं सॉफ्टवेअर घ्या, त्यात रीसॅम्पलोमॅटिक ५००० नावाचा सॅम्पलर (आपली फाईल मिडीवर वाजवणारा भाग) आधीच असतो. एका खिडकीत एक थाप टाका आणि ती कुठल्या मिडी नोटवर आणि किती ते किती जोरावर वाजायची ते लिहा. मिडीत जोर १ ते १२७ असतो, मी हलकी थाप ४५ पर्यंत, मध्यम ८० पर्यंत, जोरातली ११० पर्यंत आणि वर मैदानातली असं ठेवतो, पण हे आकडे स्वतःचा हात मारून ठरवा. पॅड स्वतःचाही आवाज काढत असतो, त्याची ऑडिओ केबल मिक्सरला लावू नका म्हणजे झालं.

इथं खरी लढाई लेटन्सीशी, म्हणजे पॅड मारल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराशी. विंडोजवर असाल तर असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) हवाच, इंटरफेसचा स्वतःचा असेल तर उत्तम, नसेल तर असिओ फोर ऑल. बफर (लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे पाठवतो तो आकडा) १२८ ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २.९ मिलिसेकंद, २५६ ला ५.८ आणि ५१२ ला ११.६, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ वेगळा. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत जवळपास साडेतीन मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद उशीर म्हणजे स्पीकर तेवढा लांब ठेवून वाजवण्यासारखं. हळू भजनाला ते खपतं, हलगीच्या कडकडाटाला नाही. १२८ वर कटकट आवाज आला तर वायफाय, ब्लूटूथ, अँटीव्हायरसचं स्कॅन बंद करून बघा. आणि ब्लूटूथ स्पीकरवर सराव तर करूच नका, त्याचा उशीर कुठल्याच सेटिंगनं जात नाही.

मोठ्या साऊंडवर एकदा तरी आधी ऐका. हेडफोनवर सुरेख वाटणारी थाप मोठ्या टॉपवर (साऊंडच्या वरच्या स्पीकरवर) कानात टोचते, असं मला बऱ्याचदा झालंय, विशेषतः बारीक काडी. साऊंडवाल्या दादांना कार्यक्रमाआधी दहा मिनिटं मागा, सगळे पॅड एकेक करून जोरात वाजवा, आणि एका पॅडचा आवाज उगाच वर येत असेल तर तो पॅडवरच्या लेव्हलनं कमी करा, मिक्सरवर नाही, नाहीतर बाकीचेही दबतात. लांब केबलला डीआय बॉक्स (पॅड आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी पेटी) लावला तर गुणगुण जाते. तयार टोनची एक हलगी किंवा ढोलकी शेजारच्या पॅचवर (पॅडवरच्या आवाजांच्या दुसऱ्या मांडणीत) ठेवा, पेनड्राईव्हची दुसरी कॉपी खिशात ठेवा.

आणि न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग कधीच पुसू नका. तारीख, गाव, कुणाची हलगी, माईक कुठला ते एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून दोन ठिकाणी ठेवा. काही नवीन पॅड आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतात, उद्या पॅड बदललं तर परत त्याच मूळ फाईलपासून कापायला लागेल, आणि ज्या मामांनी अर्धा तास नुसते ठेके वाजवून दाखवले होते ते रेकॉर्डिंग त्यांच्या घरच्यांनाही एका पेनड्राईव्हवर नेऊन द्या.